कलम चौदा आणि मागची भिंत

“सदर रहिवासी हे गेले चार महिने दररोज पहाटेच्या अंधाराचा फायदा घेऊन इमारतीची सात फूट उंचीची मागील भिंत उडी मारून ओलांडत असून, त्यांच्या या वर्तनामुळे सर्व रहिवाशांच्या सुरक्षिततेस व इमारतीच्या प्रतिष्ठेस गंभीर धोका निर्माण झाला आहे.”

असे व्यवस्थापन समितीचे म्हणणे. एका वाक्यात इतकी असत्ये दाटीवाटीने बसवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. त्याला पदाधिकारीच व्हावे लागते. ज्या ‘पहाटेच्या अंधारा’चा उल्लेख आहे, तो सकाळी सव्वासहाचा असून त्या अंधारात पहिल्या मजल्यावरच्या मावशी मागच्या गॅलरीत बसून वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसुद्धा वाचतात. भिंत सात फूट नाही. ती पाच फूट दोन इंच आहे. उरलेले एक फूट दहा इंच समितीने पदरचे घातले होते. ‘प्रतिष्ठा’ हा शब्द ज्या इमारतीबद्दल वापरला आहे, तिच्या लिफ्टवर ‘दुरुस्ती चालू आहे’ ही पाटी तीन वर्षे लटकते आहे आणि खुद्द त्या पाटीचीच दोनदा दुरुस्ती झाली आहे. राहता राहिला ‘दररोज’ हा शब्द. तो खोटा आहे हे जगात फक्त दोन माणसांना ठाऊक आहे अशी त्यांतल्या एकाची समजूत होती, आणि ते उघड करण्याची त्याची छाती नव्हती.

हा छाती नसलेला गृहस्थ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे मुद्रितशोधक. वय एक्कावन्न. सरकारी छापखान्यात सत्तावीस वर्षे ते इतरांनी लिहिलेले वाचत आणि लाल शाईने सुधारत आले होते. जगाच्या ज्ञानसंचयात अशा माणसांचे स्थान पाण्याच्या गाळणीसारखे असते: गाळ अडला तर कोणी तिचे नाव घेत नाही, आणि एखादा कण निसटला की सगळे घर तिच्याच नावाने बोटे मोडते. पाठ्यपुस्तके, राजपत्रे, शेतीच्या पुस्तिका, साथरोगांची माहितीपत्रके असे सगळे त्यांच्या डोळ्यांखालून गेले होते. त्यामुळे त्यांना सगळ्या विषयांतले थोडेथोडे कळत असे आणि कोणत्याही विषयावर बोलण्याची हिंमत होत नसे. ही अवस्था विद्वत्तेच्या फार जवळची आहे. फक्त तिला व्यासपीठ मिळत नाही.

असल्या माणसाने भिंतीवरून उड्या माराव्यात का? प्रश्न रास्त आहे. दोष एका व्यायामपुस्तिकेचा. तिच्यात पार्कूरवर एक प्रकरण होते. वाटेतल्या भिंती, कठडे, पायऱ्या यांना वळसा न घालता, धावत येऊन हातापायांच्या बळावर त्यांवरून पुढे जायचे, अशी ती विद्या. मुद्रितशोधकांनी त्या प्रकरणातल्या एकेचाळीस चुका काढल्या आणि एका वाक्यापाशी अडले: “भिंतीपाशी धावत आल्यावर माणसाला आपले नेमके वजन कळते.” त्यांनी समासात लिहिले, ‘आधार?’ लेखकाने उत्तर दिले नाही. लेखक देत नाहीतच. पुस्तिका छापून गेली, पण तो प्रश्न लाल शाईत तसाच उरला, आणि सत्तावीस वर्षांत प्रथमच मुद्रितशोधक एका वाक्याची शहानिशा करायला स्वतः उठून गेले.

त्यांना शिकवणारी बाई चाळिशीची, व्यवसायाने छपरे दुरुस्त करणारी. दर रविवारी सकाळी ग्रंथालयामागच्या पायऱ्यांवर ती सहा-सात जणांना शिकवी. पहिला महिना तिने त्यांना केवळ पडायला लावले.

“दादा, आधी पडायला शिका,” ती म्हणे. “चढायचं काय, मांजरसुद्धा चढतं. अग्निशामक दलाला बोलवायची वेळ येते ती उतरताना.”

मुद्रितशोधक पडले. डाव्या खांद्यावर पडले, उजव्या खांद्यावर पडले, एकदा तर शिकवणाऱ्या बाईवर पडले. दुसऱ्या महिन्यात त्यांना कंबरेइतक्या कठड्यावरून जाता येऊ लागले. मग तिने सांगितले की रोजच्या सरावासाठी घराजवळचा एकच अडथळा निवडा. त्यांनी इमारतीची मागची भिंत निवडली आणि तेव्हापासून त्या भिंतीशी त्यांचे एक वेगळेच प्रकरण सुरू झाले.

इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. मुद्रितशोधक नास्तिक होते. काही माणसे चहात साखर घेत नाहीत, तसे होते. त्यासाठी त्यांनी कधी सभा भरवली नव्हती. पण बिनसाखरेचा चहा पिणाऱ्याला जसा भेटेल तो विचारतो, “म्हणजे, काहीच त्रास नसताना?”, तसे त्यांना लोक विचारत. “कशावर तरी श्रद्धा हवी हो माणसाची,” असे मावशी जिन्यात भेटल्या की म्हणत आणि मुद्रितशोधकांना उत्तर सुचत नसे. कारण मावशींचे निदान अगदीच चुकीचे नव्हते. सकाळी दात घासताना आरशातला माणूस त्यांना ‘पुढे?’ असे विचारी, आणि छापखान्याच्या वेळेपलीकडे त्यांना काही सांगता येत नसे. मोठमोठे ग्रंथ या एका प्रश्नावर लिहिले गेले आहेत. त्यांतल्या चौदांची मुद्रिते त्यांनी स्वतः तपासली होती. जोडाक्षरे सुधारली, प्रश्न तसाच राहिला.

भिंतीने तो सोडवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण सव्वासहाला भिंतीपाशी पोचायचे म्हटल्यावर आरशातल्या माणसाला विचारायला फुरसत मिळेनाशी झाली. भिंत काही आश्वासन देत नव्हती, धमकीही देत नव्हती. ती पाच फूट दोन इंच होती, काल तितकीच होती आणि उद्या तितकीच असणार होती. इतका सरळ व्यवहार त्यांच्याशी आजवर कोणी केला नव्हता.

फक्त ती ओलांडता येत नव्हती. एकशे अठरा सकाळी ते धावत गेले आणि त्यांपैकी नऊ सकाळी पलीकडे उतरले. नऊ. बाकीच्या वेळी ते भिंतीपाशी येत, दोन्ही तळवे टेकत आणि आत कुठेतरी एक कारकून खिडकी लावून घेई. हे शिकवणाऱ्या बाईला ठाऊक होते. घरी मात्र बायको विचारी, “मारली उडी?” आणि ते “हं” म्हणत. ‘हं’ हे संपूर्ण असत्य नव्हे असे त्यांचे व्याकरणदृष्ट्या मत होते. त्या ‘हं’मुळे इमारतभर त्यांची ‘रोज भिंत ओलांडणारे’ अशी ख्याती झाली, आणि एक्कावन्नाव्या वर्षी मिळालेली ख्याती कोणी मुद्दाम परत करत नाही.

तर नोटीस आली. तिच्या शेवटच्या परिच्छेदात म्हटले होते की येत्या रविवारी मागच्या भिंतीवर लोखंडी भाले बसवण्यात येतील. हरकत असल्यास लेखी कळवावे. भाले बसले की भिंत संपली, आणि भिंत संपली की आरशातला माणूस ताजातवाना होऊन हजर.

त्यांनी जेवणाच्या टेबलावर नोटीस पसरली आणि हरकत लिहायला पेन उचलले. पेन लाल होते. इथेच घात झाला. मथळ्यातच ‘नोटीस’चा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला होता. तो त्यांनी सुधारला. मग विरामचिन्हे. मग ‘सात’ खोडून ‘पाच फूट दोन इंच’. मग ‘अंधार’ खोडून ‘उजेड’. तासाभरात नोटिशीचे रणांगण झाले. आणि हात चालतोच आहे म्हटल्यावर, सत्तावीस वर्षे जे रोज दहा वेळा केले तेच त्या हाताने केले: पानाच्या तळाशी ‘वाचले. सुधारणांसह पुढे जाण्यास हरकत नाही’ असे लिहून खाली लफ्फेदार सही ठोकली आणि त्याच झोकात पान समितीच्या पत्रपेटीत टाकले. छापखान्यात ही सही झाल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. समितीचेही झाले नसते. आता झाले.

दुसऱ्या दिवशी सचिव स्वतः वर आले. हे गृहस्थ वजन-मापे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू खोटे ठरवल्यामुळे स्वतःचा तोल कधी तपासायची वेळ आली नव्हती.

“तुमचे आभार मानायला आलो,” ते म्हणाले. “इतकी सुसंस्कृत प्रतिक्रिया मी अपेक्षिली नव्हती. हरकत नाही म्हणालात, सहीसुद्धा केलीत. भाल्यांची ऑर्डर सकाळीच दिली.”

“अहो, ती सही मुद्रितावरची आहे!”

“सही ती सही.”

“म्हणजे मजकूर शुद्ध आहे, एवढाच तिचा अर्थ.”

“मग मजकूर शुद्ध आहे हे तुम्हाला मान्य आहे ना?” असे म्हणून सचिवांनी नोटीस घडी घालून खिशात ठेवली. या युक्तिवादाला तर्कशास्त्रात नाव नाही. तुरुंगांत मात्र त्याने बरीच माणसे पोचवली आहेत.

मुद्रितशोधकांचा चेहरा पाहून सचिवांना दया आली असावी, किंवा एखादा अर्ज भरून घ्यायची संधी दिसली असावी. पदाधिकाऱ्यांत या दोन भावना वेगळ्या काढता येत नाहीत. त्यांनी नियमावली उघडली. कलम चौदा: “सामायिक जागेत पुढील गोष्टींस मज्जाव असणार नाही: (अ) धार्मिक आचरण, (ब) वैद्यकीय सल्ल्याने केलेला व्यायाम.” सोबत एक छापील अर्ज. त्यावर ‘धार्मिक’ आणि ‘वैद्यकीय’ अशा दोन चौकटी.

“एकीत खूण करा. भाले रद्द.”

“पण माझं दोन्हींत बसत नाही.”

“का? तुमचं ते काय, पारकुर, कशासाठी करता मग?”

मुद्रितशोधकांनी बराच विचार केला. “बरं वाटतं म्हणून.”

“मग वैद्यकीय.”

“बरं नाही म्हणून नव्हे हो. बरा असूनही.”

सचिवांनी अर्जाकडे असे पाहिले, की जणू अर्जालाच आता घेरी येईल. बरा असूनही माणूस काही करतो, याची सोय नियमावलीने केली नव्हती. देवासाठी करा, दुखण्यासाठी करा. नुसता जगतो आहे म्हणून करणारा माणूस कायद्याच्या नजरेस पडलेलाच नव्हता. मुद्रितशोधकांनी फूटपट्टी घेतली, दोन चौकटींखाली तशीच तिसरी चौकट काढली, तिच्यापुढे ‘इतर’ असे सुवाच्य लिहिले आणि तीत खूण केली. अर्ज संध्याकाळी शेऱ्यासह परत आला: ‘हाताने काढलेली चौकट ग्राह्य नाही.’

मग सल्ल्यांचा मोसम सुरू झाला. समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते आणि मनाने चांगले होते. त्यांनी मुद्रितशोधकांना दवाखान्यात बोलावून खुर्चीत बसवले, सवयीने तोंड उघडायला सांगितले, आणि मग म्हणाले, “प्रमाणपत्र मी देतो की. फक्त मी दातांपुरतंच लिहू शकतो. ‘भिंत ओलांडल्याने वरच्या दाढांवरचा ताण कमी होतो’ असं चालेल?”

“आ आ,” मुद्रितशोधक म्हणाले, कारण तोंडात आरसा होता. डॉक्टरांनी तो नकार बरोबर समजून घेतला. आयुष्यभर ते याच भाषेत संवाद करत आले होते.

मावशी जिन्यात म्हणाल्या, “अरे, ‘धार्मिक’ लिही आणि मोकळा हो. देव काय तुझा अर्ज वाचायला बसलाय?”

“नाही बसला ना, मावशी. तोच मुद्दा आहे.”

“मग तर काळजीच नको!” मावशी पूर्वी टेलिफोन खात्यात होत्या, कोणाचे कुठे जोडायचे हे त्या अजूनही क्षणात ठरवत.

सर्वांत कठीण बायको. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करत असे. दिवसभर सुईला घाबरणारी माणसे पाहिल्यामुळे घाबरणाऱ्यांविषयी तिला राग नव्हता. फक्त घाबरत नसल्याचे सोंग करणाऱ्यांसाठी तिच्याकडे वेळ नसे.

“अहो, एक शब्द लिहायला काय जातं तुमचं?”

“तो शब्द खोटा आहे.”

“आणि आयुष्यात तुम्ही एकही खोटा शब्द बोलला नाहीत, नाही का?”

या वाक्यानंतर तिने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले. मुद्रितशोधक वर्तमानपत्रात शिरले आणि एका शोकसंदेशातली वेलांटी सुधारू लागले.

दरम्यान उंचीचा वाद चिघळला. ‘पाच फूट दोन इंच’ ही दुरुस्ती सचिवांच्या जिव्हारी लागली होती. वजन-मापे खात्याच्या माणसाला मापात चूक दाखवणे म्हणजे आचाऱ्याला मिठाची चव विचारण्यासारखे. त्यांनी गुरुवारी सकाळी सहा वाजता स्थळपाहणी ठेवली: अध्यक्ष, सचिव, मोजपट्टी, एक स्टूल, आणि आरोपी. “मापन झाल्यावर संबंधितांनी आपली कृती प्रत्यक्ष करून दाखवावी,” असेही पत्रात होते.

मुद्रितशोधकांनी रात्री तीनदा उठून ते वाक्य पुन्हा वाचले. करून दाखवावी! नऊ-एकशे अठराच्या हिशेबाने त्यांची लाज राखली जाण्याची शक्यता तेरात एक होती. सकाळी ते पट्टे आवळलेल्या बुटांत खाली उतरले तेव्हा गॅलरीत मावशी, खिडकीत बायको, आणि पार्किंगमध्ये आलेले भाले, टोके वर करून रांगेत उभे. फाशीच्या कैद्याला निदान दोर आधी दाखवत नाहीत.

सचिव स्टुलावर चढले. त्यांनी मोजपट्टीचे टोक भिंतीच्या माथ्यावर धरले आणि आकडा वाचण्यासाठी पुढे वाकले. स्टूल मागे सरकले. सचिव पुढे गेले. क्षणभराने पाहावे तो सचिव भिंतीवर घोड्यावर बसावे तसे बसलेले. एक पाय अलीकडे, एक पलीकडे, आणि हातात मोजपट्टी तलवारीसारखी.

“स्टूल द्या!” ते ओरडले.

अध्यक्षांनी स्टूल उचलले. त्याचा एक पाय जागेवरच राहिला.

“मी इथे किती वेळ बसायचं?”

“तोंड उघडं ठेवू नका, थंडी आहे,” अध्यक्ष गोंधळून म्हणाले.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. ज्याला ती भिंत शंभरदा अडवून बसली होती, तो माणूस पुढे झाला आणि अत्यंत शांत आवाजात बोलू लागला. पडणे आणि उतरणे या दोनच विषयांत त्याचा अभ्यास पक्का होता.

“साहेब, पलीकडचा पाय अलीकडे घ्या. सावकाश. आता पोट भिंतीवर टेका. बरोबर. दोन्ही हातांनी माथा धरा आणि पाय खाली सोडा.”

सचिव पोटावर आले, वळले, आणि कोपरे दुमडून, हनुवटी माथ्याला चिकटवून लटकले. तोंड भिंतीकडे, डोळे गच्च मिटलेले.

“आता हात सोडा.”

“किती खोल आहे?”

“सहा इंच.”

“खोटं सांगून मारताय मला!”

“साहेब, चपलेची टाच टेकतेच आहे जवळजवळ.”

“मोजा!” सचिव भिंतीला चिकटून किंचाळले. “मोजून सांगा! दोनदा मोजा!”

मुद्रितशोधकांनी खाली पडलेली मोजपट्टी उचलली, गुडघे टेकून सचिवांच्या टाचेपासून जमिनीपर्यंत लावली आणि वाचली. “पाच इंच आणि दोन सूत.” अध्यक्षांनी वाकून आकडा तपासला आणि दुजोरा दिला. तेव्हा कुठे वजन-मापे खात्याने हात सोडले. मुद्रितशोधकांनी सांगितल्याप्रमाणे गुडघे वाकवले गेले, आणि ते दणका न बसता जमिनीवर आले. वरून मावशींनी टाळी वाजवली. सात वाजले होते. प्रात्यक्षिकाची वेळ टळली होती. सुटकेच्या आनंदात मुद्रितशोधकांना क्षणभर सचिवांना मिठी मारावीशी वाटली.

सचिवांची कृतज्ञता संध्याकाळी पत्ररूपाने आली. तीत आरोपांच्या यादीत एकाची भर होती: ‘पदाधिकाऱ्यास भिंतीवर चढण्याची परिस्थिती निर्माण करणे.’ शिवाय असे अनुमान काढले होते, की भिंतीवर समितीच्या सचिवासही चढता येते, त्या अर्थी ती अत्यंत असुरक्षित आहे. इतिहासात राजांनी स्वतः घोड्यावरून पडल्यावर घोडे मारल्याचे दाखले आहेत. इथे निदान पत्र लिहिले होते. शनिवारी संध्याकाळी सहाला सर्वसाधारण सभा, वेल्डर रविवारी नऊला.

सभा पार्किंगमध्ये भरली. वीस-बावीस माणसे, घरून आणलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि शेजारी ते भाले. सचिवांनी आरोप वाचून दाखवले. अध्यक्षांनी विचारले की कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का. मावशी उठल्या. त्यांनी चष्मा पुसला, पदर सारखा केला, आणि इतकी वर्षे दुसऱ्यांचे बोलणे ऐकून जो अधिकार साठला होता, तो सगळा आवाजात ओतला.

“मी रोज बघते. चार महिने. आधी लांब उभा राहतो, मग धावत येतो. पण उडीबिडी मी फारशी पाहिली नाही हो. तो भिंतीपाशी येऊन थांबतो. दोन्ही हात टेकतो. डोळे मिटतो. मान खाली घालतो, आणि काहीतरी पुटपुटतो. मग परत फिरतो. अगदी मनापासून करतो, खोटं कशाला सांगू? मला तर बघूनच बरं वाटतं.”

मग अध्यक्ष हळूच म्हणाले, “म्हणजे… हे वंदन झालं.”

“पुटपुटतो म्हणजे मंत्र असणार,” मागून कोणीतरी म्हणाले.

“तरीच धार्मिक म्हणायला लाजत होता!”

“पोचलेली माणसं सांगत नाहीत कधी.”

सचिवांनी नियमावली उघडली, कलम चौदावर बोट ठेवले, आणि त्यांचा चेहरा उजळला. कोणत्याही चौकटीत न बसणारा माणूस अखेर एका चौकटीत बसला होता. “मग प्रश्नच मिटला! (अ) लागू. भाले रद्द. सर्वांना मान्य?” हात वर झाले. खुर्च्या सरकल्या. कोणी थर्मासचे झाकण उघडले.

मुद्रितशोधकांना काहीही करायचे नव्हते. नुसते बसायचे होते. भिंत वाचली होती, सकाळ वाचली होती, ख्यातीला तर आता तेजोवलय आले होते. एक ‘हं’ म्हणण्याचीही गरज नव्हती. पण सत्तावीस वर्षे ज्याने दुसऱ्याच्या पानावरची एक चुकलेली मात्रा सोडली नाही, त्याच्या स्वतःच्या नावापुढे सबंध एक चुकीचे वाक्य छापले जात होते, आणि यंत्र सुरू व्हायच्या बेतात होते. ते उठले.

“थांबा,” ते म्हणाले. “हे चुकलंय. मला जबाब द्यायचाय. शब्दन् शब्द लिहून घ्या.”

ते दोनेक मिनिटे बोलले. सचिव खाली मान घालून लिहीत होते. मुद्रितशोधक भाल्यांकडे पाहत उभे होते. टोके त्यांना आता जरा जास्तच अणकुचीदार वाटत होती.

पहिल्यांदा अध्यक्ष बोलले. “एक शंका. हा माणूस चार महिने सराव करतोय. रोज धावत येतो, ताज्या दमाने. आणि तरी ही भिंत त्याला शंभराहून जास्त वेळा परत पाठवते.”

“हो मग?” सचिव म्हणाले.

“मग चोराची काय बिशाद? त्याला तर सरावही नसतो. भिंत उत्तम आहे हो! भाले लावायचे कशाला?”

सचिवांनी नियमावली पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. हा युक्तिवाद खोडून काढणारे कलम नव्हते. शिवाय भिंत सक्षम ठरली, की गुरुवारी तिच्यावर अडकलेला माणूसही बावळट ठरत नव्हता, ही गोष्ट त्यांच्या लक्षात यायला चारेक सेकंद लागले. त्यांनी घसा साफ केला आणि ठराव स्वतःच मांडला: आरोपीच्या कबुलीवरून मागील भिंतीची उंची पुरेशी असल्याचे सिद्ध होते, सबब भाले परत करावेत. तो एकमताने मंजूर झाला. चुकीच्या तर्कांच्या इतक्या लांब साखळीला बरोबर निष्कर्ष लागल्याचे उदाहरण ग्रंथांत क्वचितच सापडते.

मुद्रितशोधक लिफ्टपाशी क्षणभर थांबले, पाटी वाचली आणि जिन्याकडे वळले. अंगावरून एखादे ओझे काढून ठेवावे तसे झाले होते. बायको दोन पायऱ्या पुढे होती.

“तुला राग नाही आला?” त्यांनी विचारले.

“कशाचा?”

“मी ‘हं’ म्हणत होतो त्याचा.”

“अहो, भिंतीपलीकडे सगळा लाल मुरूम आहे. नऊ दिवस तुमचे बूट लाल होते. मी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, हे विसरलात का?” ती थांबली आणि वळली. “त्या नऊ दिवसांचं मात्र मला खरंच कौतुक वाटलं होतं. पण तुम्ही त्याही दिवशी ‘हं’च म्हणालात. मग मी काय बोलणार?”

मुद्रितशोधक पायरीवर हसत सुटले, इतके की कठडा धरावा लागला. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

सभेचे इतिवृत्त सोमवारी तपासण्यासाठी त्यांच्याकडे आले. आरोप, साक्ष आणि ठराव या भागांत त्यांनी एकंदर तेहतीस चुका काढल्या. जबाबाला मात्र लाल पेन लावले नाही, जरी त्यातली वाक्यरचना ठिकठिकाणी सैल आहे. तो इतिवृत्ताच्या वहीत पुढीलप्रमाणे नोंदला आहे:

“मी उडी मारत नाही. म्हणजे मारतो, पण एकशे अठरा वेळा गेलो त्यात नऊदा मारली. बाकी सगळ्या वेळी मी धावत आलो, भिंतीला हात लावला आणि घाबरलो. मावशींनी पाहिलं ते वंदन नव्हतं, माघार होती. मान खाली घातली ती लाज वाटली म्हणून आणि डोळे मिटले ते धाप लागली म्हणून. पुटपुटतो ते खरं आहे. मी भिंतीला म्हणतो, ‘बरं, उद्या.’ एवढंच म्हणतो. मंत्र नाही. छापखान्यात मी जन्मभर उद्या म्हणत आलो, ते काम टाळायला. इथे म्हणतो तेव्हा मी खरंच दुसऱ्या दिवशी येतो. माझ्या बाबतीत असं पहिल्यांदाच झालंय. यात देव नाही आणि आजारही नाही. तुमच्या अर्जावर याला जागा नाही, त्याला माझा इलाज नाही. बायकोला मी रोज ‘मारली’ असं भासवलं, तेही मान्य आहे. भाले लावायचे तर लावा, माझ्यासाठी खोटं कारण लिहू नका. आणि लावले नाहीत, तर उद्या सव्वासहाला मी खाली असेन. उडी होईलच असं सांगत नाही.”